मागचं परस छोटं आहे? मग नर्सरीत सगळ्यात शेवटी जा

दर वर्षी मृग जवळ आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "मागच्या परसाचं काहीतरी करायचंय, रविवारी नर्सरीत चाललोय, कुठली रोपं आणू?" मी विचारते, "पाणी कुठल्या कोपऱ्यात साचतं?" पलीकडे शांतता. तरी रविवारी वीस-बावीस रोपं येतातच. भिंतीकडेने ओळीत लागतात, दिवाळीपर्यंत अर्धी मरतात, आणि परस होतं त्याहून अडगळीचं दिसायला लागतं.

चूक रोपांची नसते, क्रमाची असते. आधी रिकामं करणं, मग मोजणं, मग पाण्याचा उतार, मग फरशी आणि कट्टा, मग भिंती, त्यानंतर झाडं आणि शेवटी दिवे. हाच क्रम पुढे टप्प्याटप्प्याने दिला आहे. उदाहरण म्हणून साताऱ्यातल्या आमच्या रो-हाऊसचं परस घेते: १५ फूट खोल, २० फूट रुंद, पूर्वेकडे उघडणारं, तिन्ही बाजूंना पाच फुटी भिंत. तुमचं १० बाय १२ असलं तरी क्रम तोच राहतो.

मुहूर्ताबद्दल एक सांगते. खोदकाम आणि फरशीचं काम पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात करा. भिंतींचा रंग त्यानंतर, त्या पुरत्या वाळल्यावर. झाडं जमिनीत जायची ती जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस गवंड्याच्या मागे लागू नका. तो 'येतो' म्हणेल आणि येणार नाही.

टप्पा १: सगळं बाहेर काढा

"सगळं" म्हणजे खरंच सगळं. मी आमच्या परसातल्या वस्तू पहिल्यांदा मोजल्या तेव्हा नुसत्या कुंड्या ४१ भरल्या. त्यातल्या १३ रिकाम्या होत्या आणि सहांमध्ये फक्त वाळकी काडी. शिवाय उरलेल्या टाइल्सची दोन खोकी, रंगाचे घट्ट झालेले डबे, कूलरचा गंजका स्टँड, एका चाकाची सायकल आणि "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेला पीव्हीसी पाइप. हे सगळं भिंतीच्या कडेने लावलेलं होतं, म्हणून मधली जागा मोकळी आहे असा आमचा समज होता. पण जागा केवढी आहे हे डोळा कडांवरून ठरवतो. जमीन भिंतीला जिथे मिळते ती रेघ झाकली गेली की १५ फुटांचं परस १२ फुटांचं दिसतं.

तीन ढीग करा. पहिला भंगारवाल्याचा, दुसरा घरात किंवा गच्चीवर जाणाऱ्या वस्तूंचा, तिसरा परसात परत येणाऱ्यांचा. तिसरा ढीग पहिल्यापेक्षा मोठा होत असेल तर तुम्ही स्वतःला फसवताय.

दोन गोष्टींवर घरात वाद होतो, म्हणून त्यांच्याबद्दल आधीच बोलून घ्या.

पहिली, वाळत घालायची दोरी. बहुतेक घरांत ती परसाच्या मधून आडवी जाते. साडेपाच फुटांवर ओल्या चादरी लोंबत असल्या की मागे राजवाडा असला तरी दिसत नाही. दोरी घराच्या भिंतीला समांतर, भिंतीपासून दोन फुटांवर घ्या, नाहीतर पुलीवर वर-खाली होणारा स्टँड लावा. कपडे गच्चीवर न्यायचा निर्णय घेणार असाल तर बादली जिना चढून कोण नेणार हे आधी ठरवा. ते न ठरवता दोरी काढली, तर महिन्याभरात ती परत बांधलेली दिसते.

दुसरी, धुण्याचा दगड. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळचा काळा, अडीच फुटी दगड होता. वॉशिंग मशीन आल्यापासून त्यावर फक्त कुंड्या बसायच्या. गवंडी फोडायला निघाला होता, मी थांबवलं. पन्नासेक वर्षं साबण आणि हात फिरून त्याची वरची बाजू अशी गुळगुळीत झाली होती की तशी कारागिराकडूनही करून मिळाली नसती. पुढे तो कुठे बसवला ते टप्पा ५ मध्ये येईल. सांगायचं एवढंच, की जुनं जड सामान फेकण्याआधी त्यावर एकदा बसून बघा.

*तपासणी:* रिकामं परस झाडून, धुऊन दोन दिवस तसंच ठेवा. काही आणू नका. निम्म्या लोकांना याच टप्प्यावर "अरे, एवढी जागा होती?" असं वाटतं.

टप्पा २: मोजा आणि कागदावर उतरवा

चौकटीची वही घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट. आधी भिंती काढा. मग दार, खिडक्या, नळ, एसीचं बाहेरचं युनिट, ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं, सेप्टिक टँक, पावसाळी पाण्याचे पाइप जिथे उतरतात त्या जागा. चेंबरची झाकणं लोक हमखास विसरतात, आणि पुढे नेमकं त्यांच्यावरच कट्टा बांधतात किंवा फरशी चढवतात. पहिल्यांदा ड्रेनेज तुंबलं की फरशी फोडावी लागते.

आता कर्ण मोजा. १५ बाय २० चा कर्ण बरोबर २५ फूट येतो. दारात उभं राहून समोर बघितलं तर नजर १५ फुटांवर भिंतीला आपटते. तिरकं बघितलं तर तिला २५ फूट मिळतात, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. छोट्या परसातलं बहुतेक काम नजर समोर न जाता तिरकी जावी यासाठी असतं. कागदावर दारापासून दूरच्या कोपऱ्यापर्यंत एक ठळक रेघ ओढा. या रेघेवर कमरेपेक्षा उंच काहीही येऊ द्यायचं नाही.

रेघ कुठून ओढायची? परस सगळ्यात जास्त कोण बघतं याचा विचार करा. संध्याकाळी तासभर बसणारे तुम्ही नव्हे, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवसाचे चार तास बघणारी व्यक्ती. म्हणून तीन जागांवरून मोबाइलवर फोटो काढा: ओट्यापाशी उभं राहून खिडकीतून, मागच्या दारातून, आणि जिथे बसायचा विचार आहे तिथून. डोळा सवयीने ज्या गोष्टी वगळतो त्या फोटोत दिसतात. आमच्या फोटोत सगळ्यात ठळक वस्तू निघाली निळी, दोनशे लिटरची पाण्याची टाकी. दहा वर्षं ती कुणाच्या नजरेला खटकली नव्हती.

मग ऊन. वर्षभर नोंदी ठेवायची गरज नाही. घरात कपडे वाळत घालणाऱ्या बाईंना विचारा. जानेवारीत चादर कुठे वाळते, मे महिन्यात पापड कुठे घालायचे, पावसाळ्यात कुठला कोपरा शेवाळतो, हा नकाशा त्यांना पाठ असतो. त्याच्या जोडीला थोडं गणित हवं. आपल्या भागात डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो. सातारा-पुण्याच्या पट्ट्यात २० फूट उंच घराची सावली तेव्हा उत्तरेला जवळजवळ १८ फूट पडते. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर येतो आणि शून्य सावलीच्या दिवशी दुपारी सावली पायाखाली जाते. माझ्या नणंदेचं परस उत्तरेला आणि १४ फूट खोल. तिने मे महिन्यातलं लख्ख ऊन बघून तीनदा गुलाब लावले, ते तिन्हीदा थंडीत गेले. तिथे हिवाळाभर दुपारचं ऊन पोचतच नव्हतं.

*इशारा:* घराच्या मागची मोकळी जागा ही बहुतेक वेळा बांधकाम परवानगीत सोडायला लावलेलं सामासिक अंतर असते. तिच्यावर पक्कं छत टाकलं किंवा खोली काढली तर ते अनधिकृत ठरू शकतं. पत्र्याची शेड टाकायचा मोह होत असेल तर आधी पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या. सामाईक भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्यांना.

टप्पा ३: पाणी कुठे जाणार ते ठरवा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महाग चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

उतार घरापासून दूर हवा. दर १० फुटांना दीड ते दोन इंच पुरतात. म्हणजे आमच्या १५ फूट खोलीला सव्वादोन ते तीन इंच. यापेक्षा कमी दिला तर डबकी राहतात, खूप जास्त दिला तर खुर्ची डुगडुगते. भिंतीकडेला एक उथळ नाली, तिच्या तोंडाशी जाळी, आणि जाळी हाताने उचलता येईल अशी. सिमेंटमध्ये पक्की बसवलेली जाळी पहिल्या पावसात पानांनी बुजते आणि मग गुडघ्यावर बसून काडीने कोरत बसावं लागतं.

फरशीची नवी पातळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापेक्षा किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे. जुन्या फरशीवरच नवी चढवायचा सल्ला मिळेल, 'फोडायचा खर्च वाचतो' म्हणून. त्यात तीन-चार इंच जातात. आधीच उंबरा खाली असेल तर पाणी घरात येतं आणि खालच्या भिंतींना ओल धरते.

आमच्याकडे पहिल्या खेपेला काय झालं ते सांगते. गवंडी अनुभवी होता, पण उतार त्याने नजरेने धरला. मीही पाणसळ लावून बघितली नाही. परस दिसायला झकास झालं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मागच्या दाराशी पाणी साठलं, उंबरा ओलांडलं आणि गव्हाचा डबा ठेवला होता त्या कोपऱ्यापर्यंत गेलं. उतार उलटा होता, जेमतेम अर्धा इंच, पण घराच्या दिशेने. निम्मी फरशी उचलून परत बसवावी लागली. त्या दिवसापासून मी बादलीशिवाय कुणाचं काम पास करत नाही.

*तपासणी:* फरशी बसवण्याआधी, खालचा कोबा झाल्यावर, घराच्या भिंतीपाशी दोन बादल्या पाणी ओता. पाणी नालीकडे स्वतःहून गेलं पाहिजे. दहा मिनिटांनी जिथे डबकं उरेल तिथे खडूने गोल करा आणि गवंडी समोर असतानाच दुरुस्त करून घ्या. हीच परीक्षा फरशी झाल्यावर, सांधे पक्के व्हायच्या आत, परत घ्या. शेवटचे पैसे दुसऱ्या परीक्षेनंतर.

याच टप्प्यात जमिनीखालून जाणारं सगळं टाकून घ्या. दूरच्या कोपऱ्यापर्यंत विजेच्या तारेसाठी एक नळी, नळाची एक जोडणी, आणि एक रिकामी नळी जास्तीची. रिकामी नळी कशाला, असं सगळे विचारतात. दोन वर्षांनी कळतं.

टप्पा ४: जमीन, एकच आणि जास्तीत जास्त दिसणारी

परसाची दोन तृतीयांश जमीन मोकळी दिसली पाहिजे. ३०० चौरस फुटांत २०० फूट फरशी, उरलेल्यात वाफे आणि कट्टा. आणि फरशी एकाच प्रकारची. शहाबादी, कोटा, तांदूर, जे परवडेल आणि जवळ मिळेल ते. दाराशी टाइल, मध्ये पेव्हर ब्लॉक, कोपऱ्यात पांढरे गोटे आणि उरलेल्या जागेत प्लास्टिकचं गवत, असं केलं की परसाचे चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा छोटा दिसतो.

मला स्वतःला खडबडीत शहाबादी आवडते. पावसात घसरत नाही, मळकी दिसत नाही, उन्हाने डोळे दिपत नाहीत. गुळगुळीत पॉलिश केलेला कोटा परसात नको. सायीसारखं शेवाळ धरतो आणि पहिला पाय घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा घसरतो.

फरशा भिंतीला समांतर न बसवता कर्णाच्या दिशेने तिरक्या बसवल्या तर सांध्यांच्या रेघा नजर कोपऱ्याकडे ओढतात. तिरक्या बसवताना कडेचे तुकडे कापावे लागतात, माल दहा-पंधरा टक्के जास्त लागतो, आणि गवंडी कुरकुरतो. तेवढा खर्च नको असेल तर फरशा लांबट घ्या आणि त्यांची लांबी घरापासून दूर जाणाऱ्या दिशेने ठेवा. काटकोन धरताना गवंडी दोरीने तीन-चार-पाच फुटांचा गुण्या लावतो. तो लावताना शेजारी उभ्या राहा. पहिली ओळ वाकडी गेली की शेवटच्या ओळीला पाचरी बसवाव्या लागतात.

सगळी जमीन सिमेंटने बंद करू नका. भिंतीकडच्या दोन-तीन ओळींत फरशांमध्ये इंच-दीड इंच फट ठेवून बारीक खडी भरा. पाणी मुरतं, परस मे महिन्यात कमी तापतं.

वाफ्यांची आखणी कागदावर नको, जमिनीवर करा, रांगोळीने. चुन्याची फक्की चालते, पण रांगोळी हाताने रेघ ओढायला सोपी आणि झाडूने पुसली की परत काढता येते. सरसकट सगळ्या भिंतींना नऊ इंची वाफा ही सगळीकडे दिसणारी चूक. त्यात ना धड झाड वाढतं ना परस मोठं दिसतं, नुसती भिंतीला झालर लागल्यासारखी दिसते. त्याऐवजी एका बाजूला वाफा नाहीच, दुसऱ्या बाजूला दीड फूट, आणि एका कोपऱ्यात तो चार फुटांपर्यंत फुगवा. रांगोळी काढली की घरातल्या सगळ्यांनी तिच्यातून चालून बघायचं, हातात बादली घेऊन. कुणाचा पाय वाफ्यात पडला तर रेघ चुकली.

*इशारा:* घराच्या भिंतीला चिकटून मातीचा वाफा करू नका. रोजचं पाणी भिंतीत मुरतं. किमान दोन फूट अंतर सोडा.

टप्पा ५: बसायची जागा, दूरच्या कोपऱ्यात

परस हवंहवंसं वाटायला फुलांपेक्षा बूड टेकायला जागा लागते. आणि ती दारापाशी नको. दाराशी खुर्ची ठेवली की माणूस तिथेच बसतो आणि उरलेलं परस नुसतं बघायचं राहतं. कट्टा दूरच्या भिंतीला लावा. तिथवर चालत गेलं की पंधरा फूट ही जागा आहे हे पायांना कळतं. आणि तिथून वळून घराकडे बघितलं की नजरेला पुन्हा लांब पल्ला मिळतो.

कट्ट्याची उंची १६ ते १८ इंच, खोली १८ इंच. भिंत हीच पाठ. गुडघेदुखी असलेलं कुणी घरात असेल तर १८ च ठेवा, आणि एका टोकाला उठताना हात टेकायला काहीतरी. खुर्च्यांपेक्षा कट्टा बरा, कारण त्याला मागे सरकायला जागा लागत नाही. खाली कोनाडा ठेवला तर नळी, खुरपं, खताची पिशवी नजरेआड जाते. कट्टा फरशीबरोबरच बांधून घ्या, रंगाच्या आधी. नंतर बांधला तर सिमेंटचे शिंतोडे नव्या भिंतीवर.

तो धुण्याचा दगड आम्ही कट्ट्याच्या टोकाला बसवला, वरची बाजू कट्ट्याच्या पातळीला आणून. सासूबाई आता बरोबर त्याच्यावर बसतात, गादी घालून दिली तरी बाजूला सारतात.

झोपाळ्याचा मोह आवरा. झुलायला पुढे-मागे मिळून सहा-सात फूट मोकळे लागतात. १२ फुटांच्या परसात झोपाळा आला की तिथे दुसरं काही येत नाही, आणि वर्षभराने त्यावर वाळलेले कपडे घडी घालायला पडलेले असतात.

तुळशीवृंदावन असेल तर ते कर्णाच्या दूरच्या टोकाशी न्या. मध्यभागी ठेवलेलं वृंदावन छोट्या परसाचे दोन भाग करतं. तेच टोकाला गेलं की नजर त्याच्यावर जाऊन ठरते, आणि संध्याकाळी तिथे लावलेला दिवा दारातून बघताना सगळ्या परसाला खोली देतो. हलवायला घरच्या वडीलधाऱ्यांची हरकत असू शकते. त्यांना विचारून, बरा दिवस बघून करा. तुळशीचं लग्न ही त्यासाठी चांगली मुदत आहे. मात्र तिथे तुळशीला निदान चार-पाच तास ऊन मिळतंय याची खात्री करा, नाहीतर जागा सुंदर आणि तुळस वाळलेली.

टप्पा ६: भिंती

पांढराशुभ्र रंग देऊ नका. दुपारी डोळ्यांत घुसतो आणि पहिल्याच पावसाळ्यात खालचा दीड फूट चिखलाच्या शिंतोड्यांनी तपकिरी होतो. फिकट राखाडी, मातकट पिवळा किंवा फिकट पिस्ता, तिन्ही भिंतींना एकच. एक भिंत गडद निळी, एक नारिंगी असं केलं की भिंती पुढे येतात आणि अंगावर आल्यासारख्या वाटतात.

भिंतीवर वेल चढवायची तर आधी तारा लावा. गॅल्व्हनाइज्ड तारेच्या तीन आडव्या ओळी, एकमेकींपासून फुटा-सव्वाफुटावर, भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे. ती फट महत्त्वाची. तिच्यातून हवा खेळते, भिंत वाळते, आणि पुढे रंग द्यायचा झाला तर तारा सोडवून वेल खाली घेता येते. नर्सरीत 'वॉल क्रीपर' म्हणून मिळणारी, भिंतीला स्वतः चिकटणारी वेल दिसते छान, पण ओढून काढली की रंग आणि कधी प्लास्टरही घेऊन येते.

आरसा लावून जागा दुप्पट करायचे व्हिडिओ फिरत असतात. आमच्या गाडीच्या आरशाशी एक बुलबुल रोज सकाळी भांडतो, चोच आपटून आपटून. त्याला चार फुटी आरसा दिला तर काय होईल? शिवाय तापलेल्या उन्हात आरशाची तिरीप कुणाच्या तरी डोळ्यांत जाणारच. नको.

टप्पा ७: आता नर्सरीत जा, यादी घेऊन

आधी एक झाड, एकच. परसाच्या फुगवलेल्या कोपऱ्यात, कर्णाच्या रेघेपासून बाजूला. देवचाफा मला छोट्या परसासाठी सगळ्यात सोयीचा वाटतो. हिवाळ्यात पानं गाळतो म्हणून थंडीत ऊन मिळतं, उन्हाळ्यात सावली देतो, आणि छाटून आटोक्यात राहतो. पारिजातकही चांगला, सकाळी सडा पडतो, पण तो रोज झाडावा लागतो. ज्यांच्या परसात ऊन कमी त्यांनी कुंती लावावी, छोटी राहते आणि फुलली की वास स्वयंपाकघरापर्यंत येतो.

काय लावू नये, हे जास्त महत्त्वाचं:

शेवगा. वर्षभरात १५ फूट जातो, वाऱ्याने फांदी मोडते, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे गठ्ठे बसतात.

आंबा, फणस, नारळ. "छोटंच ठेवू" म्हणून लावतात. कुणी ठेवत नाही.

खोट्या अशोकाची रांग. आडोसा मिळतो, पण पाच फुटी भिंत वीस फुटी होते आणि परसाची विहीर.

भिंतीच्या फटीत आपोआप उगवलेला पिंपळ किंवा उंबर. चार पानांचा असतानाच काढा. "देवाचं झाड आहे" म्हणून ठेवलं तर भिंत जाते.

मग खालची झाडं. मोठ्या पानांची जवळ, बारीक पानांची लांब, हा नियम लक्षात ठेवा. कर्दळ, अळू, केळ यांची पानं दूरच्या भिंतीशी लावली की ती भिंत पुढे सरकल्यासारखी वाटते. ती दारापाशी, खिडकीखालच्या अंगाला ठेवा आणि लांबच्या भिंतीला नेचे, शतावरी, जाई-जुई. ओलसर सावलीच्या कोपऱ्यात सोनटक्का. नळाखाली अळू, त्याला दुसरी जागा शोधूच नका. ऊन असेल तिथे मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा. बसायच्या जागेजवळ काटे नकोत, म्हणून लिंबू आणि बोगनवेल कट्ट्यापासून लांब. कट्ट्याच्या हाताच्या अंतरावर वासाचं काहीतरी हवं. आम्ही अनंत लावला आहे.

वेल वाढायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर गोकर्ण पेरा, दोन-तीन महिन्यांत तारा भरतात. मधुमालती लवकर भरते पण आवरता येत नाही. शेजाऱ्यांच्या गच्चीवर फुलते आणि भांडण आपल्या दाराशी.

कुंड्या कमी आणि मोठ्या. दहा इंची वीस कुंड्यांपेक्षा अठरा इंची पाच बऱ्या. कमी सुकतात, कमी पाणी मागतात, आणि फरशी दिसते. रंग एकच, शक्यतो साध्या मातीच्या. मोठी कुंडी आधी जागेवर ठेवा, मग भरा. भरलेली, ओली कुंडी दोघांनाही हलत नाही. खाली विटांचे तीन तुकडे, म्हणजे पाणी निघून जाईल आणि गोम-विंचू दिसतील.

*तपासणी:* सगळं लावून झालं की टप्पा २ मधल्या तीन जागांवरून परत फोटो काढा. कर्णाची रेघ मोकळी आहे का? तीनही कोपरे एकाच वेळी दिसत नाहीत ना? एक कोपरा झाडामागे अर्धवट लपलेला असावा. मागे आणखी काही आहे असं वाटलं की परस संपल्यासारखं वाटत नाही.

टप्पा ८: दिवे

घराच्या भिंतीवरचा पांढरा फ्लडलाइट बंद ठेवायला शिका. तो लावला की कट्ट्यावर बसलेल्याच्या डोळ्यांत उजेड, भिंतींवर सपाट प्रकाश आणि परसाचं बॅडमिंटन कोर्ट. चोराची भीती असेल तर त्याचं बटण वेगळं ठेवा.

रोजच्यासाठी तीन-चार छोटे, तीन ते पाच वॉटचे, पिवळसर दिवे पुरतात. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं बघून घ्या. पहिला दूरच्या कोपऱ्यात, झाडाच्या बुंध्याशी, वरच्या दिशेने. दुसरा कट्ट्याखाली. तिसरा लागलाच तर वेलीपाशी. दाराजवळ सगळ्यात मंद. उजेड लांब आणि अंधार जवळ असला की डोळा लांबचं बघतो. दिवे पावसाला टिकणारे, आयपी ६५ लिहिलेले घ्या. तारा उघड्यावरून न नेता टप्पा ३ मधल्या नळीतून, आणि या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्या. ओल्या परसात यावर काटकसर करायची नाही.

नंतरचं

आठवड्यातून एक दिवस सगळं साठलेलं पाणी ओतून द्या: कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांचं भांडं, उलटी न ठेवलेली बादली. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात होतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. संध्याकाळी डास चावत असतील तर कट्टा कितीही चांगला बांधला तरी कुणी बसणार नाही.

पावसाळ्याआधी नाली साफ, ऑक्टोबरात वेलींची छाटणी, दिवाळीला भिंतीचा खालचा पट्टा तेवढा रंगवायचा.

आणि कुंड्या मोजत राहा. आमच्याकडे ४१ च्या नऊ झाल्या होत्या. गेल्या महिन्यात जाऊबाई अडेनियम घेऊन आल्या, तर कोपऱ्यातला सुकत चाललेला क्रोटन त्याच दिवशी वॉचमनच्या खोलीपुढे गेला. तिथे तो मस्त तरारलाय.